तळ्याने मागितलेला नमुना

तुमच्या गावचं तळं माणसं तपासायला मागतं का? खडकतळ्याचं मागतं. दरवर्षी, दिवाळी सरली की.

ग्रामपंचायतीची जलसुरक्षक मंदाकिनी हिला त्यात गैर वाटत नसे. तीही तळ्याचं पाणी बाटलीत भरून नेतच होती. त्यात आधी रंगाचे दोन थेंब टाकायचे, मग आम्लाचा एकेक थेंब सोडत जायचं. पाणी हिरवट राहतं, आंबट पचवत राहतं. पचवणं संपलं की लालसर होतं. रंग न बदलता जेवढं सोसलं, तेवढी त्या पाण्याची अल्कता. ती फार घटली की गाव तळ्यात चुना टाकी. तळं ते बघत होतं. गावाची अल्कता घटली तर आपणही गावात चुना टाकू, किती ते सांगता येत नाही, असं त्याने घाटाच्या पायरीवर ओल्या अक्षरांत रीतसर कळवलं होतं.

म्हणून गाव नमुना निवडून पाठवी. सगळ्यांत सोशिक माणूस. आधी गोदाकाकू गेल्या, मग पोस्टमन हरिभाऊ, गेल्या साली बालवाडीच्या शकूबाई. अहवाल उत्तम आले. माणसं आली नाहीत. तक्रारीला जागा नव्हती, कारण तपासलेलं पाणी मंदाकिनीनेही कधी परत तळ्यात ओतलं नव्हतं.

यंदा ग्रामसभेत सरपंचांनी रेवतीचं नाव वाचलं. रेवती मंदाकिनीची धाकटी जाऊ. सासरे दगडूआबा साखर जास्त झाली म्हणून चहाचा कप भिंतीवर फेकत, आणि ही भिंत पुसून दुसरा चहा टाकी. नावाला कुणी हरकत घेण्यासारखं नव्हतंच.

मंदाकिनीच्या शेजारी बसलेली रेवती हळूच म्हणाली, "ताई, थेंब पडताना दुखतं का हो पाण्याला?"

"मी कधी विचारलं नाही गं," मंदाकिनी म्हणाली आणि उभी राहिली.

"सरपंच, हा नमुनाच खोटा आहे. झऱ्याच्या तोंडचं पाणी भरून मी तळ्याचं म्हणून पाठवलं तर चालेल? सगळीकडचं थोडं थोडं घ्यावं लागतं. घाटाजवळचं, मधलं, म्हशी बसतात तिथलंसुद्धा."

सरपंचांनी चष्मा काढला. "माणसांचं थोडं थोडं म्हणजे काय घ्यायचं, मंदाताई?"

मग एकेकाने आपापला हात पाहिला.

चर्चा बराच वेळ चालली. मुरलीधर शिंप्याने उजव्या हाताला हरकत घेतली, कात्री त्याच हातात असते म्हणून. डावी करंगळी ठरली. दुधाचे दात न पडलेल्या मुलांना सूट मिळाली. दगडूआबांना वगळा, नाहीतर अल्कता कोसळेल, अशी एक सूचना मागच्या रांगेतून आली.

"म्हशी बसतात तिथलंही घ्यायचं म्हणाली ना सून?" आबा जागेवरूनच म्हणाले. "मग मला कसं सोडता?"

ठराव मंजूर झाला.

दिवस कलताना सगळं गाव तळ्याच्या काठी डावा हात पाण्यात सोडून बसलं. पाणी गारठलेलं होतं. तळ्याने पहिला थेंब सोडला तेव्हा साऱ्यांचेच दात एकदम आंबले. दुसऱ्या थेंबाला कुणाला आईचं जुनं बोलणं आठवलं, कुणाला भावाचं. मंदाकिनीने मोकळ्या हाताने रेवतीचा दंड धरून ठेवला होता. तिला वाटत होतं, तळं फसवणूक समजेल आणि हिलाच आत ओढेल. थेंब पडत राहिले. पाणी हिरवट होतं, हिरवटच होतं. मग आबांच्या मनगटापाशी लाली फुटली आणि संथपणे पसरत पार रेवतीच्या हातापर्यंत आली. हात कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूट मिळालेली मुलं सोडली तर गावात कुणाच्याही डाव्या हाताला करंगळी नव्हती, आणि अंगणांत बोटभर चुना पडला होता. रेवतीने अंगण झाडलं, चहा टाकला. साखर जास्त झाली, असं आबा म्हणाले आणि कप खाली ठेवला.