नारळ फोडण्याची सुरक्षित जागा

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात राहणाऱ्या चारुदत्तांनी २०१७च्या दसऱ्यानिमित्त गाडीचं इंजिन घरच्या घरी, आणि मुख्य म्हणजे सुरक्षितपणे, साफ करण्याचा निर्णय जाहीर केला. ते एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. कुणी शिडीवर चढलं की ते खालून शिडीलाही धीर देत.

निर्णय ऐकायला स्वयंपाकघरात एकटी सुलभा होती. त्यांची बायको. ती श्रीखंडासाठी चक्का टांगत होती. ती हॉस्पिटलात नर्स, आणि दसऱ्याच्या दुपारी अख्खा वॉर्ड पहिल्यांदाच तिच्या हाती येणार होता. अनेक वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. दुपारी गाडी चालू होईल ना, एवढंच तिने विचारलं. चारुदत्तांनी या प्रश्नाबद्दल तिचे आभार मानले आणि पुढचा मुद्दा घेतला.

गरम इंजिन धुवायचं नसतं, म्हणून आदल्या दिवशी गाडीला विश्रांती देण्यात आली. सुलभा बसने कामाला गेली. साबणाचं पाणी रस्त्यावरच्या गटारातून थेट समुद्रात जातं, म्हणून गाडी हिरवळीवर नेण्यात आली. विश्रांती मोडू नये म्हणून ढकलत नेली. ढकलायला सुलभा होती, चारुदत्त दिशा दाखवत होते. फाटकाशी नारिंगी शंकू उभे राहिले, दोघांच्या अंगात पिवळी चकाकती जाकिटं चढली, आणि संकटकाळी जमण्याची जागा म्हणून लिंबाचं झाड मुक्रर झालं.

शनिवारी, दसऱ्याच्या सकाळी, त्यांनी बॅटरीची तार सोडली. अल्टरनेटर, हवेची नळी आणि फ्यूजची पेटी प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली. तेलकटपणा काढणारा फवारा मारून ब्रशने घासलं आणि ओल्या फडक्याने पुसून घेतलं. खरं सांगायचं तर काम उत्तम झालं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

पण पूजा राहिली होती. तिथल्या मराठी मंडळाचे विश्वनाथकाका हळदकुंकू घेऊन आले, त्यांनी बॉनेटखाली डोकावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"देवाला काय पिशव्या दाखवायच्या, चारुदत्त?"

पिशव्या निघाल्या. मुहूर्तावर गाडी सुरू करायची म्हणून बॅटरीची तार जोडली गेली. फ्यूजच्या पेटीचं झाकणही काढलं, कारण काकांच्या मते आतल्या बारक्या देवतांनाही कुंकू लागायला हवं. मग काकांनी नारळ उचलला आणि ते चाकापुढच्या दगडाकडे वळले. चारुदत्तांनी हात आडवा केला. उघड्यावर नारळ फोडला तर करवंटीचे तुकडे उडतात, डोळ्यांना धोका. तीन बाजूंनी आडोसा असलेली जागा हवी. त्यांनी सगळं अंगण न्याहाळलं. तशी जागा एकच होती. बॉनेटखाली.

"अहो, बाहेर फोडा. मी लांब उभी राहते, सगळे लांब उभे राहू," सुलभा म्हणाली.

"लांब उभं राहणं हा शेवटचा उपाय असतो, सुलभा. आधी धोका बंदिस्त करायचा."

"आणि पाणी?"

"करवंटीला धार असते. पाण्याला नसते."

काकांनाही हे पटलं. नारळ इंजिनावर आपटला गेला. एकही तुकडा बाहेर उडाला नाही. पाणी सगळं फ्यूजच्या पेटीत गेलं.

सुलभाने किल्ली फिरवली. गाडी एकदा टक् म्हणाली आणि गप्प झाली. ती पर्स उचलून निघाली, तेव्हा चारुदत्तांनी तिला थांबवून लिंबाच्या झाडाखाली यायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत साक्षीदाराने जागा सोडायची नसते. ती थांबली नाही. शनिवारची बस मात्र तिच्यासाठी थांबली नव्हती. ती पोचली तेव्हा वॉर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेला होता.

चारुदत्तांनी झाडाखाली एकट्यानेच चौकशी पूर्ण केली. जखमी कुणी नाही, सबब मोहीम यशस्वी. चकचकीत इंजिन, हार, फुटलेला नारळ, असा फोटो त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ऑकलंडपासून ख्राइस्टचर्चपर्यंत अंगठे उमटले. पुढच्या वर्षी सर्वांनी नारळ बॉनेटखालीच फोडावा, असं मंडळाने सुचवलं.

तुम्हीही त्या ग्रुपवर आहात. फोटो अप्रतिम, असं तुम्ही लिहिलंत. फक्त कडेला ती पिवळ्या जाकिटातली बाई बसमागे धावताना दिसते, तेवढी कापून टाका, असंही.