काठापदराचा ब्राउझर

आमच्या ऑफिसातले मल्हारी आप्पा कॉम्प्युटरवरचा ब्राउझर कधी उघडा ठेवत नाहीत. उघडा म्हणजे चालू नव्हे. उघडा म्हणजे अंगावर काही नसलेला.

सकाळी नऊला कारखान्याचा भोंगा होतो, आम्ही सगळे मेल बघायला धावतो. आप्पा धावत नाहीत. ते खुर्चीवर ऐसपैस बसतात, चष्मा पुसतात आणि आधी ब्राउझरला त्या दिवसाची थीम चढवतात. वरच्या पट्टीला एक रंग, तिच्या खालच्या पट्टीला दुसरा, नवं पान उघडलं की मागे दिसणारं चित्र तिसरं. हे सगळं मनासारखं झालं की मगच इंटरनेटची पहिली पाटी उघडायची. "आंघोळ झाल्याबिगर कोण दारात उभं ऱ्हातंय का गं?" असं ते मला विचारतात. मला चाळिशी लागली, कानाशी केस पांढरे झाले, तरी आप्पांच्या लेखी मी पोरगीच. हाक मारतात तीसुद्धा "पोरी" अशीच.

आप्पा मूळचे वडगावच्या विणकराच्या घरातले. घरात माग होता, पण त्यांचा हात पेन्सिलीवर बसला. ड्रॉइंग शिकून ते उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या पंपाचे भाग करणाऱ्या कारखान्यात आले आणि तीस वर्षं इथंच राहिले. ड्रॉइंगमध्ये अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालेला त्यांना लांबून दिसतो. पण भाषा साडीचीच राहिली. ब्राउझरच्या वरच्या पट्टीला ते काठ म्हणतात, खालच्या पट्टीला अंग, आणि नव्या पानाला पदर. "काठ भडक आन पदर फिका? कुणी शिकवलं तुला?" हे त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे बघून म्हटलं होतं, आणि मी खरोखर ओशाळले होते.

थीम कधी कुठली, याचेही नियम होते. मोठी ऑर्डर आली की मोरपंखी. गणपतीत शेंदरी. मालक रागात आत शिरले की दोन मिनिटांत फिकट आकाशी. "डोळ्याला जरा गारवा लागंल त्यास्नी," म्हणायचे. मालक आप्पांच्या टेबलाकडे वर्षातून दोनदा यायचे, हा भाग वेगळा.

त्यांच्या पुतणीच्या लग्नाची गोष्ट तर सगळ्या उद्यमबागेला माहीत आहे. स्थळ निपाणीचं. मुलगा शिकलेला, घर तंबाखूच्या व्यापारातलं, माणसं साधी. पोहे झाले, चहा झाला. इतरांनी शेती विचारली, नोकरी विचारली. आप्पा म्हणाले, "जरा कॉम्प्युटर दावा तुमचा."

मुलगा बिचारा घाबरला. त्याला वाटलं, हे आता आपण काय काय बघतो ते तपासणार. आप्पांनी ब्राउझर उघडला, वरून खाली एकदा बघितलं, बंद केला आणि परतीच्या बसमध्ये निकाल दिला. "पोरगं गुणाचं हाय. पण कॉम्प्युटर घेऊन तीन वर्सं झाली, ब्राउझर जसा आलता तसाच. रंगसुदिक बदलला न्हाय. असला माणूस घरात आमच्या पोरीचं काय ऐकणार?"

घरात रडारड व्हायची पाळी आली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निपाणीहून आप्पांच्या फोनवर एक फोटो आला. ब्राउझरचं अंग गर्द मरून आणि त्याला हळदी काठ. आप्पांनी फोटो मोठा करून पाहिला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "द्या पोरगी."

लग्न थाटात झालं. पुढं कधीतरी पुतणीनं मला कानात सांगितलं, "मावशी, रंग मीच कळवलेवते त्यास्नी. काकांची आवड मला म्हाईत न्हाय व्हय?" आप्पांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

सगळं असं रंगीत चाललेलं असताना हुबळीहून नवे मॅनेजर आले. माणूस शिस्तीचा, वाईट नव्हे. पहिल्याच दिवशी ते आप्पांच्या मागे उभे राहिले. पडद्यावर त्या दिवशी जांभळं अंग आणि सोनेरी बुट्ट्या होत्या.

"येन्री इदु?" साहेबांनी विचारलं. म्हणजे, हे काय हो?

आप्पांनी कानडीतच शांतपणे सांगितलं की आज शुक्रवार आहे.

एवढ्यानं साहेबांचं समाधान झालं नाही. दुपारी कागद फिरला. सर्व कॉम्प्युटर एकसारखे दिसावेत, ब्राउझर मूळ स्वरूपात ठेवावा. आप्पांनी कागदावर सही केली आणि स्वतःच्या हातानं सगळ्या ऑफिसचे ब्राउझर एकेक करून पांढरे केले. कुणाला हात लावू दिला नाही. पुढचे आठ दिवस आप्पा डब्यातलं लोणचंसुद्धा न खाता जेवले. "सुतक हाय," एवढंच म्हणाले.

आता यात माझा संबंध असा. आमची दोन मोठी गिऱ्हाइकं, एक पुण्याचं आणि एक कोइमतूरचं. दोघांच्या वेबसाइटवर ड्रॉइंग चढवायचं काम माझं. दोन्ही साइट दिसायला जुळ्या बहिणी. म्हणून आप्पांनी मला ब्राउझरच्या दोन वेगळ्या खिडक्या करून दिल्या होत्या. पुण्याची लाल काठाची, कोइमतूरची हिरव्या काठाची. चार वर्षांत मी साइटचं नाव वाचलं नव्हतं. काठ बघायचा आणि काम करायचं.

कागद फिरल्यावर दोन्ही खिडक्या पांढऱ्या झाल्या. एका दुपारी घाईघाईत मी पुण्याच्या नव्या पंपाचं ड्रॉइंग उघडलं, चढवलं, शेवटच्या बटणावर बाण नेला. ते ड्रॉइंग बाहेर दाखवणार नाही, असं आम्ही पुणेकरांना लिहून दिलं होतं.

"पोरी, हात काढ!"

आप्पा तीस वर्षांत ऑफिसात एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. मी माऊस सोडून हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. माझ्या मागं बसणारे आप्पा टेबलाला वळसा घालून आले आणि पडद्यावरचं नाव बोटानं दाखवलं. खिडकी कोइमतूरची होती. बटण दाबलं असतं तर पुणं गेलं असतं आणि त्यामागून माझी नोकरी.

ओरडण्यानं मॅनेजर बाहेर आले. मला रडू फुटलं होतं. मला वाटलं, आप्पा आता रंगांबद्दल चार शब्द ऐकवणार. त्यांनी साहेबांना फक्त म्हटलं, "चूक झाली न्हाय साहेब. होता होता ऱ्हायली. दोन पांढऱ्या गाई हुत्या, वळखता आल्या न्हाईत."

साहेबांनी दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग स्वतःच विचारलं, "आधी कुठला रंग होता?"

त्या संध्याकाळी तो कागद रद्द झाला. आप्पांनी पुणं लाल केलं, कोइमतूर हिरवं केलं, आणि प्रत्येकाच्या टेबलाजवळ जाऊन, कापडाच्या दुकानात विचारतात तसं, "तुमास्नी काय दावू?" असं विचारलं. शेवटी साहेबांचं दार किलकिलं झालं. "आप्पा, मला पण एक लावा. निळी चालेल. पण जरा सोबर."

"साहेब, तुमच्या वयाला सोबर शोभत न्हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांना गर्द निळ्यावर रुपेरी काठ लावून दिला. साहेबांनी तो आजतागायत बदललेला नाही.

या विजयानंतर आप्पांनी ठरवलं, की दुसऱ्यांच्या थीम पुष्कळ नेसवून झाल्या, आता आपली करायची. थीमची चित्रं, रंगांचे आकडे हे सगळं बांधून ब्राउझरवाल्यांकडे पाठवायचं असतं, त्यांनी पसंत केलं की ती जगात कुणालाही लावता येते. आप्पांनी घरून एक जुनी साडी आणली. गर्द हिरवं अंग, कुंकवाच्या रंगाचा काठ आणि काठाला करवतीसारखे दाते. जेवणाच्या सुटीत ती साडी खिडकीशी धरायचे आणि रंगांचे आकडे बसवायचे. तांबड्याचे किती, हिरव्याचे किती, निळ्याचे किती. दोन महिने चाललं हे.

पहिल्यांदा थीम परत आली. चित्र अस्पष्ट होतं. दुसऱ्यांदाही परत आली. काठावरची अक्षरं वाचता येत नव्हती. आम्ही चिडलो, आप्पा चिडले नाहीत. "बरोबर हाय त्यांचं. अक्षर दिसंना झालं तर काठ काय चाटायचाय?" म्हणाले आणि पुन्हा बसले.

तिसऱ्यांदा पसंत झाली. मी पडद्यावर वाचलं आणि ओरडलेच. कारखान्यातून माणसं हात पुसत आली. साहेबांनी खव्याचा कुंदा मागवला. ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर ती हिरवी साडी झळकली, आणि थोड्याच दिवसांत कुणाकुणाच्या, कुठल्याकुठल्या गावांतून पसंतीच्या खुणा येऊ लागल्या. आप्पा मधूनच उठून प्रत्येकाच्या टेबलामागे उभे राहायचे आणि काठ बघून पुढं जायचे, मुलीच्या लग्नात बाप पंगतीतून फिरतो तसे.

तेव्हा मी नीट पाहिलं. थीम करणाऱ्याचं नाव जिथं येतं तिथं मल्हारी नव्हतं. लिहिलं होतं, ‘कमळाबाई, वडगाव’.

"आप्पा, हे कोण?"

"इणणारीण," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "रविवारी घरला ये."

रविवारी सकाळी मी खासबागेतून चालत वडगावला गेले. आप्पा बोळाच्या तोंडाशी उभे होते. घरापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी सांगितलं ते असं. कमळाक्का त्यांची बायको. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी हा काठ स्वतःच्या डोक्यानं काढला. पुढं दुकानांनी तो उचलला, गावोगाव विकला, साडीवर दुकानाचं नाव. बाईंनी पस्तीस वर्षं माग चालवला. मग बोटांचे सांधे धरले. दोन वर्षांपूर्वी माग मोडीत दिला. "त्या दिसापास्नं बोलत न्हाय ती. म्हंजे, जेवा, झोपा, कुलूप लावलं का, एवढंच. मी रोज घरातल्या कॉम्प्युटरवर नवा रंग दावतो. बघती आन म्हणती, बरं हाय. एकदाच म्हणाली, ह्यो हिरवा मेल्याला हाय. तेवढं एकदाच."

तेवढ्यात घर आलं.

कमळाक्का बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. खोलीच्या मधोमध फरशी नव्हती, नुसत्या सिमेंटचा चौकोन होता, माग होता तिथं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, बसा म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

आप्पांनी कॉम्प्युटर चालू केला. हिरवं अंग, कुंकवी काठ. मग थीमचं पान उघडून नावावर बोट ठेवलं. आक्कांनी चष्मा वर केला, खाली केला. एकेक अक्षर वाचलं.

"माझं नाव कशाला?"

"मग कुणाचं? काठ कुणाचा हाय?"

आक्का हात मांडीवर तसाच ठेवून बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या एकदम पुढं वाकल्या.

"अवं, ह्यो काठ उलटा लावलासा!"

"उलटा?"

"दाते अंगाकडं पायजेत. ह्ये भाईर आल्यात. दोन म्हैने बसून उलटा लावलासा व्हय? आन जगभर धाडलासा?" त्या उठून उभ्या राहिल्या. वाकड्या बोटानं पडद्यावर एकेक दाता मोजून दाखवू लागल्या. कुठला धागा आधी घ्यायचा, कुंकवी रंगात चिमूटभर काळा का लागतो, तो नसला तर हिरव्याला उठाव कसा येत नाही. बोलता बोलता पदर खोचला. चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि चुलीपासूनही बोलतच होत्या.

चहा घेऊन मी निघाले. आप्पा उंबऱ्यापर्यंत आले. मला राहवलं नाही.

"आप्पा, अर्ध्या मिलिमीटरची चूक लांबून दिसते तुम्हाला. दोन महिने साडी समोर होती. काठ उलटा लागलेला दिसला नाही?"

आप्पांनी मागं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मीच फिरवलावता."

एवढ्यात आतून हाक आली. "अवं, कुटं गेलासा? हिरव्याचं सांगते, लिवून घ्या."

"आलो, आलो," म्हणत आप्पा मला निरोप द्यायचं विसरून आत पळाले.