बगळ्याची मान

"टेबल मोकळं करा बाबा, सूप गार होतंय," इशबेल म्हणाली.

टेबलभर शाळेची लाकडी ढाल पसरली होती. मर्डो गॅलब्रेथ, निवृत्त चित्रकलामास्तर, निळ्या ढालीवरच्या रुपेरी बगळ्याला डोळा काढत होते. बगळ्याच्या चोचीत वाम मासा. शाळेचं मानचिन्ह पिढ्यान्‌पिढ्या हेच. जुनी ढाल ओल लागून कुजली, म्हणून ही नवी.

"मानचिन्हाच्या सनदेत नुसते शब्द असतात, पोरी. रुपेरी बगळा, चोचीत वाम. तोंडवळा कसा, ते चिताऱ्यानं ठरवायचं. बघ तरी, कसा झालाय."

"बघते नंतर. रंग सुपात पडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्डो उठलेच नाहीत.

भेटायला माणसं यायला लागली. त्यांच्या चहाला टेबल हवं, म्हणून शाळेचा शिपाई डगल्ड ढाल घेऊन गेला. मुख्याध्यापिका रँकिलरबाईंनी ती फारशी न बघताच सभागृहात टांगायला सांगितली; मेलेल्या माणसाच्या कामात खोट काढणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. मुलांच्या कोटावरचे नवे कापडी बिल्लेही त्याच चित्रावरून भरतकाम होऊन आले.

पहिल्या प्रार्थनेला बाई ढालीखाली उभ्या राहिल्या आणि अख्खी शाळा हसू दाबत बुटांकडे बघू लागली. वर बगळ्याची आणि खाली बाईंची, तीच पुढे काढलेली लांब मान, तीच कपाळावरची आठी. दुपारपर्यंत मुलं ढालीलाच नमस्कार करू लागली. बाईंनी तिच्यावर पडदा लावला. पडदा पाहून नगराध्यक्षांना वाटलं, अनावरण आपल्याच हस्ते आहे. त्यांनी दोरी ओढली, चित्र पाहिलं, बाईंना पाहिलं आणि म्हणाले, "वा, हयात असतानाच सन्मान. फार कमी लोकांच्या नशिबी येतं."

तेव्हा बाईंनी इशबेलला बोलावलं. शाळेचं वाचनालय तीच सांभाळायची, पण बाप गेल्यापासून सभागृहात तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

"तोंड तेवढं खरवडू," बाई म्हणाल्या. "सनदेला धक्का नाही, शब्द तेच राहतात. मर्डोच सांगायचे."

"त्यांचं शेवटचं चित्र आहे, बाई."

"म्हणूनच विचारतेय. नाहीतर डगल्डला कालच सांगितलं असतं."

डगल्ड रंग खरवडायचा पत्रा घेऊन शिडीवर चढलाच होता. इशबेलनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"ही वाम कसली?" बाई पुटपुटल्या. "वाम वळवळते. ही तर काठीसारखी ताठ." मग त्यांनी चष्मा पुसला. "अगं, ही पेन्सिल आहे. वाचताना तू अशीच दातात धरतेस. मान पुढे काढून, आठी घालून. कितीदा बोललेय मी तुला, पेन्सिली शाळेच्या आहेत म्हणून."

स्वयंपाकघरात इशबेल रोज संध्याकाळी मर्डोंसमोर वाचत बसे. त्यांनी नुसतं बघत राहावं आणि तिनं पान उलटावं, अशी किती वर्षं गेली.

"म्हणजे मी नाहीच?" बाईंच्या सुटकेत किंचित नाराजी होती.

"ठरवा लवकर," वरून डगल्ड म्हणाला. "शिडी हलतेय. खरवडू की नको?"

"खाली उतर," इशबेल म्हणाली. मग ढालीकडे मान वर करून, बाईंच्या आणि डगल्डच्या देखत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सुंदर काढलंय, बाबा. तुमची सगळीच चित्रं मला आवडायची."