किसनभाऊंची बचत

किसनभाऊंनी जन्मात एक पैसा चैनीवर घालवला नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणत. म्हणताना ते शिसवीच्या आरामखुर्चीत पाय लांब करून पडलेले असत, कानात अत्तराचा फाया असे, आणि चांदीच्या डबीतली सुपारी ते माझ्यापुढे करत. "मास्तर, हिशोबानं पाह्यलं त ही बचतच हाय," असं त्यांच्या तोंडून आलं की मी ओळखायचो, घरात काहीतरी नवीन आलं आहे.

मी तेव्हा मेहकरच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. किसनभाऊ मूळचे डोणगावचे, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. धाकट्या भावाशी वाटणी झाली आणि ते बायकोला घेऊन मेहकरला आले. माझा पगार असा, की साबणाची वडीसुद्धा मी दोन दुकानं हिंडून घेई. त्यामुळे त्यांची बचत बघताना माझी चांगली करमणूक होई.

ती आरामखुर्ची त्यांनी खामगावहून सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून आणली. "जमिनीवर बसून कंबर धरते. कंबर धरली की वैद्य आला, काढा आला, तेल आलं. खुर्ची एकदाच घ्या लागते, वैद्य वारंवार घ्या लागते." आता एवढी बचत केल्यावर हमालाला पैसे कशाला द्यायचे? खुर्ची डोक्यावर घेऊन ते मोटारस्टँडवरून निघाले. वाटेत ओळखीचा ओटा दिसला की खुर्ची खाली ठेवायची, तिच्यात बसायचं आणि हमाली कशी वाचवली ते सांगायचं. मेहकरात त्यांच्या ओळखीचे ओटे पुष्कळ. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि मान अशी आखडली की दुसऱ्या दिवशी वैद्याला बोलवावं लागलं.

मग ग्रामोफोन आला. "कीर्तनाले गेलं की आरतीत पैसा टाका लागते. हे यंत्र घरच्या घरी अभंग म्हनते अन् ताट फिरवत नाई."

काशीवहिनी कोपऱ्यात तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अन् याच्या सुया सरल्या की?"

"खामगावहून आनीन."

"मंग मोटारीचं भाडं?"

"सुईसाठी काऊन जाईन? खामगावले सतरा कामं असतेत. येता येता सुया आनीन."

ती कामं कोणती, हे वहिनींनी विचारलं नाही. सुया आणायला गेलेले किसनभाऊ परत आले ते चिनी मातीचे कप घेऊन.

हे सगळं ढोंग होतं, असं मात्र कोणी समजू नये. हाच माणूस आगपेटीतली काडी पात्यानं उभी चिरून तिच्या दोन काड्या करी. कंदिलाची वात इतकी बारीक ठेवी, की समोर मी बसलो आहे की सुपारीचं पोतं, ते त्यांना मी बोलल्यावर कळे. घरात ठिगळाचं धोतर नेसून, त्या चिनी कपातला चहा बशीत ओतून पीत. काटकसर आणि हौस दोन्ही त्यांच्या अंगात एकदमच राहत होत्या, आणि दोघींचं भांडण मिटवता मिटवता बिचारे दमून जात.

एकदा मीच वैतागलो. नवीन विजेरीनं रॉकेल कसं वाचतं ते ऐकून ऐकून माझी शाळेची वेळ टळत होती. मी म्हणालो, "किसनभाऊ, पैसा तुमचा, विजेरी तुमची. मला कशाला पटवून देता?"

त्यांनी डबी मिटली आणि ते गोठ्यात निघून गेले. वहिनी म्हणाल्या, "तुमाले नाई सांगत ते, मास्तर. डोनगावले सांगतेत."

मग त्यांनी वाटणीच्या दिवसाची गोष्ट सांगितली. शेतं, बैल, भांडी, सगळं नीट निम्मंनिम्मं झालं होतं. पण पंचांनी विचारलं, अरे, वेगळं काऊन व्हता? तेव्हा सदाशिव, धाकटा, भर ओट्यावर बोलून गेला, "दादा उधळ्या हाय. त्याच्या हाती पैसा टिकत नाई." आईबाप लवकर गेले, तेव्हा किसनभाऊंनीच सदाला मोठं केलेलं. ते तसेच भरल्या घरातून उठून मेहकरला आले. तेव्हापासून भावाभावांचं येणंजाणं बंद.

दसऱ्याला आमच्याकडे धाकट्यानं थोरल्याच्या घरी जाऊन आपट्याचं सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. थोरल्यानं आधी जायचं नसतं. दर दसऱ्याला किसनभाऊ दुपारपासूनच नवं धोतर नेसून दाराकडे तोंड करून बसत. अर्धं मेहकर सोनं देऊन जाई. सदा काही येत नसे. कंदील लागला की ते धोतर बदलत, आणि त्या दिवशी मात्र कोणत्याही बचतीबद्दल बोलत नसत.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी दमणी घेतली. दमणी म्हणजे बैलांची हलकी, छताची, स्प्रिंगांची गाडी. पितळी कड्या, गादीला लाल मखमल. त्याही दसऱ्याला सदा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच किसनभाऊ माझ्या दारात उभे. "शाळेले सुटी हाय ना? बैल उभ्या उभ्या कडबा खाऊन राह्यले, उगाच नुकसान. जरा चालवून आनू."

"कुठवर?"

"जाऊ डोनगावपावतर."

सोनं पुनवेपर्यंत देता येतं. त्यांच्या खिशातून आपट्याची पानं डोकावत होती. वहिनींनी शिदोरी आधीच बांधून ठेवली होती.

गाडीवानाचा रोज वाचावा म्हणून हाकायला ते स्वतःच बसले. वाटभर त्यांनी मला सदा केलं. "मास्तर, तुमी इचारा, किती पडली." मी विचारी. मग छकड्यानं हाडं कशी खिळखिळी होतात, बैलांचं आयुष्य कसं वाढतं, सगळं येई. तरी त्यांचं समाधान होईना. "नाई, सदा याच्याहून आडवं इचारते. पुन्हा इचारा." डोणगाव दिसू लागलं तशी त्यांच्या हातातली कासऱ्याची दोरी घामानं ओली झाली.

सदाशिव ओट्यावर अंबाडीचा दोर वळत होता. उंच, वाळका, दोन्ही कोपरांवर ठिगळं. तो उठला. दमणीभोवती एक फेरी मारली, वाकून स्प्रिंग पाहिली, मखमलीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"किती पडली?"

सगळी उत्तरं मला पाठ झाली होती. किसनभाऊंनी तोंड उघडलं. त्यांची नजर भावाच्या डोक्याकडे गेली. डोकं पार पांढरं झालं होतं.

"लय पडली, सदा," ते हळूच म्हणाले. "गरज नोती काई. मले आवडली, म्हनून घेतली."

आणि थोरला असून त्यांनीच खाली उतरून आपट्याची पानं पुढे केली.

सदानं पानं घेतली नाहीत. आधी खाली वाकला, भावाच्या पायावर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा दमणीकडे बघत म्हणाला, "दादा, मलेबी बसव ना तिच्यात."

मी उतरून ओट्यावर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं सदाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "हे कुठी गेले, मास्तर?"

"फिरायला."

"आमचे हे?" ती म्हणाली. "कामाबिगर हे कुठीच जात नाईत."

ती ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. लांब रस्त्यावर दोघं भाऊ एकमेकांना लागून बसले होते, आणि किसनभाऊ बैलांना मुद्दाम हळू चालवत होते.