सूत ओढणारे शामरावजी

शामरावजी बाजारातून निघाले की ‘च्युक, च्युक’ असा आवाज यायचा आणि बायका पदर सावरायच्या. एकदा एका भाजीवालीनं त्यांना चारचौघांत झापलं. शामरावजींनी तोंडाजवळचा लाकडी धोटा तिला दाखवला. “बाई, मी याच्यासंग बोलून राह्यलो. तुह्यासंग काय बोलू? तुह्ये वांगे किडके.”

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी लहानशी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक बारीक भोकातून तोंडानं ओढायचं. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी. म्हणून आमच्या गावच्या गिरणीत आमच्या वस्तीतल्या पोरांना झाडायला घेत, कताईत घेत, मागावर नाही. मागावर पगार चांगला ना! आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. अस्पृश्यता कायद्यानं कधीच संपली होती. त्या भोकापुरती तेवढी शिल्लक होती.

मी यावर पत्रकं काढत होतो. त्यातलंच एक हातात घेऊन शामरावजी वस्तीत आले. जातीचे कोष्टी, जन्म मागावर गेलेला, आता घरी बसलेले.

“झकास लिहिलं. पण गिरणीचा साहेब म्हणते, ह्यायले काम येत नाई.”

“तो बहाणा आहे.”

“हाये ना. मंग त्याचा बहाणा तरी काढून घे. काम मी शिकवतो.”

विहिरीच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. दहा-बारा पोरं ओठ पुढं काढून बसलेली. “जीभ मांगं घे बे, शेवया खाऊन राह्यला का?” एका दमात टोक ओढता न येणाऱ्याला ते ‘फुटका भाता’ म्हणत. कोष्टीपुऱ्यातून त्यांना पंगतीचं आवतण येईनासं झालं. “बरंच झालं, बुंदी पचत नाई,” म्हणाले. मला ती थट्टा आवडत नसे. अन्यायावर हसायचं कशाला?

समुद्रपूरकडून आलेला पंढरी सगळ्यांत तयार झाला. आम्ही गिरणीच्या दारात बसून बसून त्याला एका पाळीपुरता माग मिळवला. पसंत पडला तर कायम. कापड साफ उतरलं, खुद्द जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, मान डोलावली. मग भोंगा झाला. पुढच्या पाळीचा विणकर आला, त्यानं धोटा उचलला आणि खाली ठेवून दिला.

“मी नाई तोंडाले लावत.”

शेजारचे मागही थांबले. जॉबरनं पंढरीच्या हाती झाडू दिला. धोटा खाली ठेवणारा शामरावजींचा सख्खा पुतण्या होता. सूत ओढायला त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं.

संध्याकाळी मी पेटून नवं पत्रक लिहिलं आणि शामरावजींची सही घ्यायला गेलो. पंढरी त्यांच्या दाराबाहेर बसलेला. बाहीनं पुसून पुसून ओठ सोलवटले होते. शामरावजींनी त्याला पेलाभर पाणी दिलं. अर्धं पिऊन तो उठला आणि उरलेलं सांडून पेला विसळायला मोरीकडे निघाला.

“काऊन सांडतं?”

त्यांनी त्याच्या हातातून पेला घेतला, तोंडाला लावला आणि सावकाश, तळाचा थेंब येईपर्यंत प्यायले. मी पत्रक पुढं केलं. त्यांनी ते वाचलं नाही.

“सही मंग. आंदर या दोघं. भाकर टाकतो. मले एकट्याले आताशा घास उतरत नाई.”