गुणाबाईंचं उलानबातर

"लिही," मामा म्हणाले. "परशराम. गुप्तहेर, गूढभेदक व सामान्यज्ञानमहर्षी. पुढं कंसात, निवृत्त."

किशननं झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर ते टाइप केलं. निवृत्त हा शब्द खरं तर मामांच्या सरकारी कारकुनीसाठी होता, पण कार्डावर तो महर्षींना चिकटला, आणि शंभर कार्डं छापून झाल्यावर ते लक्षात आलं. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. अख्ख्या बेळगावात, आणि निपाणी धरली तरी, आपल्याइतकी निरीक्षणशक्ती दुसऱ्या कुणाकडं नाही असं त्यांचं मत होतं. हे मतही त्यांनी निरीक्षणानंच बनवलं होतं.

शहापुरातल्या त्यांच्या दारावर 'गुप्तहेर' अशी पाटी होती, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत. ती इतकी ठळक होती की लोक पत्ता सांगताना "गुप्तहेराच्या घरापास्नं डावीकडं" असं सांगत. गुप्तहेराचा चेहरा कुणाच्या लक्षात राहू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी मामांनी मिशी काढली, तेव्हा दोन महिने गल्लीत दुसरा विषय नव्हता. आजवर त्यांनी अकरा प्रकरणं उलगडली होती. त्यातली सात घडलीच नव्हती, आणि न घडलेलं प्रकरण उलगडायला डोकं जास्त लागतं असं मामा सांगत.

किशन त्यांचा सख्खा भाचा. आईवडील संकेश्वरला, वडील साखर कारखान्यात. पोरानं मामाकडं राहून दुकान टाकलं आणि कधीतरी तो मामाचा सहायक झाला. कधी, ते त्यालाही आठवत नाही. ज्याच्या घरी जेवायचं त्याला नाही म्हणायला माणसाची जीभ रेटत नाही, एवढंच.

दुकानासमोर, अरुंद गल्लीच्या पलीकडं, गुणाबाईंचा मागाचा कारखाना होता. चार पॉवरलूम, त्यावर साड्या, आणि दिवसभर असा खडखडाट की दुकानातल्या काचा थरथरत. दारापाशी गुणाबाईंची मुलगी सौम्या सुताच्या कांड्या भरत बसायची. भरताना ती काहीतरी गुणगुणायची, म्हणजे तिचे ओठ हलताना किशनला दिसायचे, आवाज मागांच्या दणक्यात कुठला पोचायला. किशनही दुकानात गिऱ्हाईक नसलं की झेरॉक्सच्या मशीनवर हात ठेवून एकाच वाक्याची तालीम करायचा, ओठातल्या ओठात: "सौम्या, माझ्याशी लगीन करशील काय?" दोन वर्षांत वाक्य अगदी घोटून झालं. रस्ता ओलांडणं तेवढं राहून गेलं.

आणि एका मंगळवारी गुणाबाईच सौम्याला घेऊन मामांच्या घरी आल्या, स्थळ घेऊन. किशनला घेरी यायची बाकी राहिली. आयती हातात आलेली प्रत मूळ कागदाशी ताडून बघत बसायचं नाही, हे तो धंद्यात शिकला होता. त्यानं काहीच विचारलं नाही. संकेश्वरहून आईचा फोन आला, "अण्णा, म्हणजे तुझा मामा, म्हणंल तसं." रविवारी सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं ठरलं. मामी बायाक्का चहा ठेवायला आत गेल्या, आणि घात झाला, कारण साडेसात वाजले होते.

साडेसातला टीव्हीवर 'अचूक उत्तर' लागायचं. पाहुणे असोत की भूकंप, मामा तो कार्यक्रम चुकवत नसत. गुळगुळीत दाढी केलेल्या निवेदकानं पहिला प्रश्न टाकला, मंगोलियाची राजधानी कोणती?

मामांनी डोळे मिटले. "बीजिंगच्या अलीकडं एक गाव आहे," ते म्हणाले. "नाव आत्ता ओठांवर होतं."

"उलानबातर," गुणाबाई म्हणाल्या आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागल्या.

पडद्यावर अजून पर्यायही आले नव्हते. मग ते आले, आणि उत्तर उलानबातरच निघालं. पुढचा प्रश्न, तीन हृदयं कुणाला असतात? मामांनी हे रूपक आहे असं ओळखून 'कवीला' असं उत्तर दिलं. गुणाबाई म्हणाल्या, ऑक्टोपस. शरीरातलं सर्वांत छोटं हाड? मामांनी करंगळी वर केली. गुणाबाईंनी कानाला बोट लावलं. तिन्ही वेळा निवेदकानं टाळ्या गुणाबाईंच्या उत्तराला दिल्या.

"शिक्षण किती झालंय आपलं?" मामांनी विचारलं.

"चौथी. पाचवीला मागावर उभी राहिले."

"आणि हे उलानबातर कुठंशी येतं?"

"काय की. हुबळीच्या पलीकडं आसंल."

पाहुणे गेले आणि मामांनी दार लावलं. "किशन, उत्तर माहीत आहे आणि गाव माहीत नाही. याला ज्ञान म्हणत नाहीत, याला पुरवठा म्हणतात. कुणीतरी या बाईला उत्तरं पुरवतंय. जोवर याचा छडा लागत नाही, तोवर मी सुपारीला हात लावणार नाही."

"मामा, रविवारपर्यंत मधे चारच दिवस आहेत."

"गुन्हेगारालाही चारच दिवस आहेत," मामा म्हणाले.

अशा रीतीनं किशन आपल्याच होणाऱ्या सासूवर पाळत ठेवायला लागला. बुधवारी मामांचा निष्कर्ष होता की उत्तरं अंबाड्यातल्या यंत्रातून येतात, कारण एवढा मोठा अंबाडा विनाकारण कुणी बांधत नाही. दुपारपर्यंत तो बदलला. माग जो खट-खट-खटाक असा आवाज करतो ती सांकेतिक भाषा असून, शहापूर ते वडगाव सगळे माग एकमेकांना सामान्यज्ञान कळवतात, असं निघालं. मामांनी एक तास कान लावून त्या खटखटीचा मजकूर उतरवून घेतला. तो 'खटखटखटाक' असा निघाला.

गुरुवारी दोघं वेश पालटून कारखान्यात गेले. वेश म्हणजे मामांनी टोपी घातली. दारात त्यांनी किशनच्या कानात कुजबुजून सांगितलं, "मी संकेश्वरचा साडीव्यापारी मारुतीराव. विसरू नको."

आत बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. सूत नेणारे धोटे इकडून तिकडं पळत होते, सुताची कुसं हवेत तरंगत होती. फळीवर एक टीव्ही चालू होता, आवाज पार बंद करून. मागांवरच्या बायका एकमेकींकडं बघून नुसते ओठ हलवत होत्या आणि मध्येच हसत होत्या. मामांनी किशनला चिमटा काढला. थोड्या वेळानं चहासाठी माग थांबले. लांबच्या मागावरून गुणाबाई पदराला हात पुसत आल्या.

"या मारुतीराव," त्या म्हणाल्या. "च्या घ्या."

मामांची टोपी हातात आली. ते तडक घरी आले. मग दोनदा शिंकले आणि म्हणाले, "ऐकलंस? दाराच्या चौकटीत श्रवणयंत्र. आणि त्या मुक्या बायका, तो मुका टीव्ही. हा एक पंथ आहे, किशन. त्या पंथात तुझं लग्न होऊ देणार नाही."

किशनला त्या रात्री जेवण गेलं नाही. सौम्या पंथातली असेल तर पंथात जायची त्याची तयारी होती, पण मामांपुढं हे म्हणायची छाती नव्हती.

शुक्रवारी मामांनी हुकमाचं पान काढलं. टीव्ही बंद. स्वतःच्या हातानं दहा चिठ्ठ्या लिहिल्या, पुढं प्रश्न, मागं उत्तर, आणि कपाटात कुलूप लावून किल्ली कनवटीला. संध्याकाळी गुणाबाईंना बोलावलं. त्या सौम्याला घेऊन आल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. मामा चिठ्ठी उलटून उत्तर बघत, मग प्रश्न विचारत. गुणाबाई त्यांच्याकडं टक लावून बघत आणि उत्तर देत. नऊ झाले, नऊच्या नऊ बरोबर.

"मधमाशीला डोळे किती?" मामांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"सहा," गुणाबाई म्हणाल्या. "पायाला एकेक."

सौम्यानं फोनवर बघितलं. "मधमाशीला पाच डोळं असत्यात की वं अण्णा."

मामांनी चिठ्ठी उलटी केली. तिथं त्यांच्याच अक्षरात होतं: सहा, प्रत्येक पायाला एक. मामांच्या अंगावर काटा आला. त्यांची चूकसुद्धा फुटली होती.

मायलेकी गेल्यावर त्यांनी घरातल्या दोन्ही संशयितांना समोर उभं केलं. "या घरात फितूर आहे. कपाट कुणी उघडलं?"

"तुमच्या चिठ्ठ्या कोण वाचतंय वं?" बायाक्का म्हणाल्या. "तुमचं अक्षर तुम्हालाच लागत न्हाय. दिवसभर शिंकताय, ते बघा आधी."

गुरुवारची सुताची कुसं मामांच्या नाकात चांगली मुक्कामाला आली होती. शनिवारी त्यांनी फेरतपासणीसाठी गुणाबाईंना परत बोलावलं, तेव्हा शिंकांचा असा धडाका होता की बायाक्कांनी त्यांच्या तोंडाला मास्क बांधला. "पाव्हण्यांच्या अंगावर शिंकू नगा," म्हणाल्या आणि दारातच लसूण सोलत बसल्या.

मामांनी नवी चिठ्ठी काढली. मास्कमागून प्रश्न आला, नॉर्वेची राजधानी?

गुणाबाई बघत राहिल्या. "न्हाय बा सांगता येत."

दुसरा प्रश्न, नाही. तिसरा, नाही. पाचव्यालाही नाही झाल्यावर मामा उठून उभे राहिले. आनंदानं त्यांचे डोळे चमकत होते. "सिद्ध झालं. आज फितुराला संधी मिळाली नाही, आणि ज्ञान आटलं. बाई, आता खरं सांगा. नाहीतर उद्याची सुपारी विसरा."

सौम्या खाली मान घालून बसली होती.

"आवं अण्णा," गुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "तोंड बांधून इचारल्यावर मी कसं सांगू?"

बायाक्कांच्या हातातला लसूण खाली पडला. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता दाराला टेकल्या. मामांना कळेना यात विनोद कुठं आहे.

"आवं, मागावरच्या बाया हाईत त्या," बायाक्का डोळे पुसत म्हणाल्या. "एवढ्या दणक्यात ऐकू काय येणार? समोरच्याचं ओठ बघायचं, बोलणं कळतंय. तुम्ही चिठ्ठी उलटी करून उत्तर मनात वाचताय न्हवं? तवा तुमचं ओठ हलत्यात. समदं दिसतंय."

"आणि टीव्हीवरचा तो?" मामांनी विचारलं.

"त्यो बी तसाच," गुणाबाई म्हणाल्या. "प्रश्न इचारायच्या आधी खाली बघतोय आन् उत्तर पुटपुटतोय. मला वाटलं त्यो समद्यांनाच सांगतोय. तरी बी ही शिकलेली मानसं इचार का करत बसत्यात, त्ये काय कळंना."

दाराच्या चौकटीतलं श्रवणयंत्र, अंबाडा, खटखटखटाक, सगळं मामांच्या डोळ्यांपुढून एकेक करून निघून गेलं. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी हळूच मास्क चाचपला.

"बायाक्का, तुझं माहेर वडगाव. तिथंही मागच."

"व्हय. लगीन होईस्तोवर आठ वर्सं मागावर होते."

"म्हणजे मी ताटावर बसून आमटीबद्दल मनातल्या मनात जे..."

"आमटीबद्दल, माझ्या भावाबद्दल, समदं. मिशी होती तवर निम्मंच कळायचं. दोन वर्सं झाली, कायबी सुटत न्हाय."

मामांनी मास्क काढला नाही. तो त्यांनी पुढं बरेच दिवस काढला नाही, सर्दी गेल्यावरही. पण त्यांनी कार्डाच्या मागं 'बारावं प्रकरण उलगडलं' अशी नोंद केली आणि गुणाबाईंना हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, उद्या सकाळी दहाला."

रविवारी दहाला सुपारी फुटली. संकेश्वरहून आईवडील आले, तोंड गोड करायला कुंदा वाटला गेला, आणि गडबडीत किशनला गुणाबाई एकट्या सापडल्या. एक गोष्ट त्याला आता विचारल्याशिवाय राहवेना.

"सासूबाई," तो नव्या नात्यानं म्हणाला, "तुम्ही आपणहून कशा आलात आमच्याकडं?"

"माझा माग दाराकडं तोंड करून हाय रं," गुणाबाई म्हणाल्या. "दोन वर्सं तू त्या मशीनवर हात ठेवून रोज लगीन करशील काय, लगीन करशील काय. म्हटलं, ह्यो पोरगा काय आवाज काढायचा न्हाय. आपणच जावं."

किशनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे पलीकडच्या दारात कांड्या भरणारीलाही दिसत होतं. त्यानं मागं वळून बघितलं. सौम्या कुंद्याचं ताट घेऊन तिथंच उभी होती.

"तुलाबी कळत होतं?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"मग तू कधी काही बोलली न्हाईस कशी?"

"रोज बोलत होते की," सौम्या म्हणाली. "दोन वर्सं कांड्या भरताना तिथनंच व्हय म्हणत होते. तुम्हाला वाटत होतं, मी गाणं म्हणत्या."