डाव्या हाताची चिमटी

दहिसरच्या शालिनी परब यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या श्रावणाआधीच्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, आमच्या चाळीच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात. परबकाकूंनी स्वतः घडवलेली कोळंबी सोलायची चिमटी कौतुकाने सगळ्यांच्या हातात दिली. एका गृहस्थाने भरपूर फोटो काढले. दिवाळीला स्टेशनबाहेर तीच चिमटी गुलाबी प्लास्टिकमध्ये विकायला आली.

मी काकूंना घेऊन बोरिवलीच्या वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "वस्तू चारचौघांत दाखवलीत, आता ती नवी राहिली नाही. पेटंटचा अर्ज आधी करायचा असतो." काकूंनी यातून धडा घेतला, पण भलताच. यापुढे कोणाला काहीच दाखवायचं नाही.

त्यांचा दुसरा शोध म्हणजे एक पावडर. हाताला, डब्याला लागलेला मासळीचा वास ती एका धुण्यात घालवते. ऑफिसला बांगडा नेणारी माझी बहीण त्या पावडरीवरच जगते. पावडरीत काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. वाण्याला अंदाज येऊ नये म्हणून काकू सामान वेगवेगळ्या दुकानांतून आणतात, आणि त्यात नको त्या वस्तूही घेतात. घरी मेथीचे डबे भरून पडलेत. म्हणजे पावडरीत मेथी नाही, एवढं मी ताडलंय. तेही खोटं असेल.

पावडर करताना दार बंद, खिडकीला चादर, रेडिओ मोठ्याने. शेजारचे सावंत ओरडतात, "काकू, बॉम्ब बनवताय काय?"

आतून उत्तर येतं, "व्हय, तुमच्यासाठीच."

मी पेटंटसाठी मागे लागले. "काकू, ते मिळालं तर वीस वर्षं दुसऱ्या कोणाला ही पावडर करता येणार नाही."

"आणि अर्जात काय लिहायचं?"

"सगळं. काय घालता, किती, कसं. पुढे ते कोणीही वाचू शकतं."

"म्हणजे चोराक मीच वाचून दाखवू? वा गो बाय."

"पण पेटंट न घेता गुपितच ठेवलंत आणि उद्या कोणी स्वतःच्या डोक्याने हीच पावडर शोधली, तर त्याला अडवता येणार नाही."

"शोधूंदे. डोक्या चालवल्यान तर त्याचा हक्क."

"आणि तुमच्यानंतर?"

यावर काकूंनी रेडिओ लावला. मुलगा परदेशात, सून शाकाहारी.

आता चिमटीची गंमत ऐका. काकू डावखुऱ्या. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढायची धारदार खाच त्यांनी आपल्या डाव्या हाताच्या सोयीने पाडली. चोराने ती जशीच्या तशी उचलली. उजव्या हातात धरली की धार सरळ बोटावर. चोरीचा याहून मोठा पुरावा कुठला? तो विकत घ्यायला मी स्टेशनबाहेरच्या गाडीवर गेले, तर तिथे काकूच उभ्या. एका बाईचा डावा हात धरून तिला चिमटी चालवायला शिकवत होत्या. गाडीवाला "मावशी, बसा ना" म्हणत स्टूल पुढे करत होता.

मी भडकले. "काकू, चोराचा माल खपवताय?"

"बोटा तिची आसत ना? चोराची नाय." मग म्हणाल्या, "घरात माका इचारूक कोण आसा? हंय इचारतत तरी, मावशी, कशी धरू."

परतताना मी म्हटलं, "मग पावडर मला शिकवा."

"तुला? तू पत्रक काढशील."

खरंय. हे काढलंच.

गुपित टिकवायचं तर ते जपणारा दुसरा माणूस लागतो, नाहीतर पावडर काकूंबरोबरच संपेल. कोणाला न सांगण्याचा करार मी वकिलाकडून लिहून घेतलाय. तुमच्यापैकी ज्याच्या पोटात गोष्ट राहते, त्याने येत्या रविवारी दहिसरला यावं. सही करा, काकूंसमोर बसा, शिका. आणि मी विचारलं तरी मला सांगू नका.